उभ्या उभ्या पडणारी गाडी

दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूममधून नवी मोटरसायकल बाहेर पडते तेव्हा हँडलला झेंडूचा हार असतो, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते आणि मालकाच्या डोळ्यांपुढे घाट, समुद्रकिनारा, जमलेच तर लडाख असतो. घरच्यांना धास्ती असते ती महामार्गाची. पण नव्या गाडीला पहिला ओरखडा पुष्कळदा पडतो तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावरून बाहेर वळताना किंवा सिग्नलला पाय टेकवताना. वेग ताशी पाच किलोमीटर, कधी कधी शून्य. गाडी कशावरही आदळत नाही. ती एका बाजूला कलते, मालक क्षणभर तिला जिवाच्या आकांताने धरून ठेवतो आणि मग ती आडवी होते.

अशा पडण्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मालक आजूबाजूला पाहतो, गाडी घाईघाईने उचलतो, आणि वाकलेली लिव्हर तशीच ठेवून निघून जातो. यात दोन प्रकारे नुकसान होते. गाडी का पडली हे कळत नाही, म्हणून ती पुन्हा पडते. आणि पडल्यावर काय तपासायचे हे माहीत नसल्याने क्षुल्लक ओरखड्यावर पैसे जातात आणि खरोखर धोक्याची गोष्ट तशीच राहते. सावकाश गाडी चालवणे हे वेगाने चालवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड कसब आहे. ते ताकदीवर अवलंबून नाही आणि मोकळ्या मैदानात कोणालाही शिकता येते.

सुरुवात वजनापासून करावी लागते. आपल्याकडे पुष्कळांचा हात बसलेला असतो तो स्कूटरवर किंवा शंभर सीसीच्या गाडीवर. हीरो स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. तिच्यावरून उतरून माणूस रॉयल एनफिल्डच्या नव्या क्लासिक ३५० वर बसतो तेव्हा वजन होते १९५ किलो आणि सीट ८०५ मिलिमीटर. केटीएमची पहिल्या पिढीची ३९० अॅडव्हेंचर वजनाने क्लासिकपेक्षा हलकी, पण तिची सीट ८५५ मिलिमीटरवर; बेताच्या उंचीच्या माणसाच्या टाचा तिथे जमिनीला लागतच नाहीत. आपल्या परवान्याला मात्र हा फरक दिसत नाही. ‘गिअरसह मोटरसायकल’ असा एकच प्रकार आहे. शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची गाडी कायद्याने चालवू शकतो.

वजन जास्त म्हणजे नेमके काय होते, याचा एक ढोबळ हिशेब मांडता येतो. १९५ किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल एक मीटरवर आहे असे धरू. गाडी ५ अंश कलली असेल, तर तिला हँडलपाशी सावरायला सुमारे ९ किलोचा जोर लागतो, म्हणजे एका हाताचे काम. २० अंशांना हाच जोर ३७ किलोच्या आसपास जातो आणि ३० अंशांना पन्नाशी ओलांडतो. शिवाय हा सगळा जोर एका पायावर उभे राहून, शरीर वाकडे असताना लावायचा असतो. म्हणूनच गाडी ‘अचानक’ सुटल्यासारखी वाटते. पहिल्या पाच-सात अंशांत तिला वाचवणे सोपे असते, आणि वीस अंशांच्या पलीकडे पैलवानालाही ती धरवत नाही. तिथे तिला सोडून देऊन पाय बाजूला काढणे हेच शहाणपणाचे. लिव्हर काहीशे रुपयांत नवी मिळते. गाडीखाली सापडलेला घोटा किंवा भरलेली कंबर महिनोन्‌महिने छळते.

वेगात असलेली गाडी इतकी सरळ कशी राहते आणि सावकाश होताच डगमगायला का लागते? फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका खास बनवलेल्या सायकलचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिच्यात हा भोवरा-परिणाम जवळपास रद्द केलेला होता आणि पुढच्या चाकाची भूमितीही नेहमीसारखी नव्हती. तरीही पुरेसा वेग असताना ती स्वाराशिवाय स्वतःला सावरत होती. त्यातून एक गोष्ट ठळक होते: दुचाकी पडू लागली की तिचे पुढचे चाक पडण्याच्या दिशेने वळते आणि चाके पुन्हा वजनाच्या खाली येतात. वेग असला की हे आपोआप, पटकन होते. चालण्याच्या वेगाला मात्र चाके वजनाखाली येईपर्यंत गाडी पुष्कळ कललेली असते. म्हणजे तिथे सावरण्याचे काम गाडीकडून स्वाराकडे येते.

हे काम ज्या अवयवांनी करायचे त्यांना चुकीची सवय लागलेली असते, ही खरी अडचण. स्कूटर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताखाली मागचा ब्रेक असतो. अरुंद जागेत वळताना थोडी भीती वाटली की तो डावा हात आवळतो, स्कूटर मंदावते, काम भागते. हीच व्यक्ती मोटरसायकलवर येते. पार्किंगच्या वळणावर गाडी कलते, जीव घाबरतो आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने डावा हात आवळला जातो. पण आता तिथे क्लच आहे. मागच्या चाकाला मिळणारा जोर तत्क्षणी तुटतो आणि कललेल्या गाडीला उभे करणारी एकमेव शक्तीच नाहीशी होते. गाडी मंदावत नाही, पडते. स्कूटरवरून नव्याने मोटरसायकलवर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणी तरी हे सांगायला हवे.

दुसरी सवय उजव्या हाताची. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला की पुढचे चाक जागच्या जागी थांबते, शॉकअप खाली बसतो आणि मागून येणारे सगळे वजन वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. पार्किंगमधल्या पडण्यामागे हे कारण वारंवार असते. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले खरे, पण अगदी रांगत्या वेगाला ते कामच करत नाही. शिवाय इथे चाक घसरत नसते, तोल जात असतो, आणि तोल सांभाळणे हे एबीएसचे काम नव्हे. नियम एकच आणि तो पाळायला हवा: हँडल सरळ असेल तरच पुढचा ब्रेक.

मग थांबायचे आणि सावकाश चालायचे कशाने? हाफ क्लच, एकसारखी रेस आणि मागचा ब्रेक, या तिघांच्या संगनमताने. क्लच जिथे पकडायला लागतो आणि जिथे पूर्ण पकडतो, त्या दोन टोकांमधल्या बोटभर जागेत डावा हात खेळता ठेवायचा. रेस आयडलपेक्षा थोडी वर, पण स्थिर. ती कमी-जास्त केली की गाडी हिसके देते. वेग आवरायला उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा. इंजिन पुढे ओढते, ब्रेक मागे धरतो, आणि या ताणात गाडी अशी काही घट्ट, शांत होते की पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला नवल वाटते. गाडी फार कलली असे वाटले तर क्लच किंचित सोडायचा. जोर मिळताच ती उभी राहते. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मात्र मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तिथे पायाचा दाब आणखी हलका हवा.

‘हाफ क्लचवर गाडी चालवू नये, प्लेट जळतात’ हा उपदेश प्रत्येकाने ऐकलेला असतो. चारचाकीचा क्लच कोरडा असतो, तिला तो तंतोतंत लागू आहे. बहुतेक मोटरसायकलींत अनेक प्लेटांचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. ते ऑइल उष्णता वाहून नेते. पार्किंगमधून बाहेर पडताना किंवा वळण घेताना केलेला हाफ क्लच त्याला सहज सोसतो. चढावर मागे माणूस बसवून दहा मिनिटे हाफ क्लचवर रांगत राहिले तर तोही तापेल. म्हणून सराव करताना अधूनमधून गाडी थांबवून थंड होऊ द्यावी, एवढे पथ्य पुरते.

आणि डोळे. नजर जिकडे जाते तिकडे मान, खांदे, हात आणि शेवटी गाडी जाते. वळताना पुढच्या चाकाकडे किंवा चुकवायच्या खांबाकडे पाहणारा माणूस खांबावरच जातो. जिथे पोहोचायचे आहे तिकडे, गरज पडली तर हनुवटी खांद्यापर्यंत वळवून, पाहावे लागते. अमेरिकेत जेरी पॅलाडिनो यांनी पोलिसांच्या मोटरसायकल प्रशिक्षणातली हीच तंत्रे ‘राइड लाइक अ प्रो’ या व्हिडिओंमधून सामान्य चालकांपर्यंत नेली: हाफ क्लच, मागचा ब्रेक, डोके आणि डोळे. त्या पोलिसांच्या गाड्या आपल्या क्लासिकच्या दुपटीच्या आसपास भरतात, आणि तरी त्या शंकूंच्या रांगेतून पाय न टेकता वळवल्या जातात.

जपानमध्ये तर हे परवान्याच्या चाचणीतच आहे. १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच अशा चिंचोळ्या फळीसारख्या पट्टीवरून गाडी न्यायची, आणि तीही लवकर नव्हे, उशिरा. ४०० सीसीपर्यंतच्या परवान्याला किमान ७ सेकंद, मोठ्या गाडीच्या परवान्याला किमान १० सेकंद लागणे अपेक्षित असते. चाक पट्टीवरून उतरले की परीक्षा संपली. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षणाची सुरुवात आडवी पडलेली गाडी स्वतः उचलून उभी करण्यापासून होते. ब्रिटनमध्येही रस्त्यावरच्या चाचणीआधी बंद मैदानात इंग्रजी आठ, मंद गतीने चालणे आणि यू-टर्न करून दाखवावे लागतात.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशोत्सवात मंडळांच्या स्पर्धांत स्लो सायकलिंग असते, ज्यात शेवटी पोहोचणारा जिंकतो. त्यात जिंकणारी मुले काय करतात ते आठवावे: नजर समोर दूर, पेडलवर ताण, ब्रेकवर बोट. तेच तंत्र. चिखलाच्या पाणंदीतून दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे डेअरीकडे निघालेला दूधवाला तर यातला खरा जाणकार. कॅनमधले दूध डचमळते, वजन दर क्षणाला हलते, आणि तरी तो पाय न टेकता बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधून वाट काढतो. आरटीओच्या चाचणीतही आठचा आकडा काढायला लावतात. पण तो एकदा, बहुधा हलक्या गाडीवर, आणि परवाना मिळाला की कायमचा विसरण्यासाठी. हा आठ नव्या गाडीवर पुन्हा, तोही शांतपणे, काढला पाहिजे.

त्यासाठी रविवारची सकाळ आणि एखादे सपाट, कोरडे, रिकामे मैदान पुरे. आधी इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलत चालवावी, डावी-उजवीकडे वळवावी. तिचे वजन कुठून कुठे जाते ते अंगाला कळते. मग सीटवर बसून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, रेस न देता क्लच इतका सावकाश सोडावा की गाडी हातभर पुढे सरकेल, आणि पुन्हा आवळावा. हे पंचवीस-तीस वेळा केले की डाव्या हाताला त्या नव्या गाडीच्या क्लचची जागा पाठ होते. प्रत्येक गाडीत ती वेगळी असते, आणि जुन्या गाडीच्या अंदाजाने क्लच सोडल्यामुळेच वळणात इंजिन बंद पडते. त्यानंतर सरळ रेषेत जितके सावकाश जाता येईल तितके जावे, मग मोठे गोल, मग लहान गोल, मग आठ. खुणेला वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवाव्यात. लहान गोलात गाडी आत कलू द्यायची आणि स्वतः सीटवर बाहेरच्या बाजूला सरकून वजन तोलायचे; वेगातल्या वळणाच्या हे उलट आहे, म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. टायर कोरे असतील तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपूनच. नव्या रबराची पकड पूर्ण बसलेली नसते.

काही जागा मुद्दाम ओळखून ठेवाव्यात. पेव्हर ब्लॉकवरचे पावसाळी शेवाळ, पंपासमोर सांडलेले डिझेल, कोकणातल्या वाटेवरची लाल माती, रस्त्याची डांबरी कड आणि साइडपट्टी यांमधली चार बोटांची पायरी. पाय टेकवायचा तिथे जमीन आहे ना, हे पाय खाली जाण्याआधी पाहायला हवे. रस्ता डावीकडे उतरता असेल तर डाव्या पायाला ती नेमकी दोन इंच खाली सापडते आणि तेवढ्यात गाडी पाच अंश ओलांडते. उंची कमी असणाऱ्यांनी दोन्ही पायांच्या चवड्यांवर तरंगण्यापेक्षा सीटवरून किंचित एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवावा. गावाकडच्या एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर असते आणि बहुतेक मोठ्या गाड्यांना एका दमात वळायला याहून बरीच जास्त जागा लागते. तिथे यू-टर्नचा हट्ट न धरता पुढे जाऊन रुंद जागा शोधणे किंवा मागे-पुढे करून वळणे यात काहीही कमीपणा नाही. मागे बसणाऱ्याने स्वार दोन्ही पाय टेकवून, ब्रेक धरून ‘बस’ म्हणेपर्यंत चढू नये. साडी नेसलेली आई एका बाजूला बसते तेव्हा वजन मुळातच तिरके असते. घरून निघण्याआधी तिला घेऊन एक फेरी मैदानात मारलेली बरी.

उभ्या गाडीचेही पडणे असते. मे महिन्याच्या दुपारी डांबर मऊ होते आणि साइड स्टँडचे टोक त्यात हळूहळू रुतते. पावसात मातीचेही तसेच. स्टँडखाली चपटा दगड, हँडल डावीकडे पूर्ण वळवलेले, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि उतारावर तोंड चढाकडे, एवढी काळजी घेतली की मालक चहा पीत असताना गाडी आडवी होत नाही.

इतके करूनही गाडी पडतेच. पडली की आधी स्वतःकडे पाहावे. अंगातली धडधड थांबेपर्यंत दुखणे जाणवत नाही. मग इंजिनचा लाल स्विच बंद, चावी बंद. बीएस-६ च्या, म्हणजे २०२० पासूनच्या, बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन असते आणि त्यांतल्या अनेकींत गाडी ठरावीक कोनापलीकडे कलली की इंजिन बंद करणारा सेन्सरही असतो. म्हणून उचलल्यावर ती सुरू होत नाही आणि माणूस घाबरतो. चावी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली की बहुधा काम होते.

उचलण्याची रीत कंबरेची नाही, मांड्यांची आहे. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडावा, म्हणजे उभी होताच ती डावीकडे स्टँडवर विसावेल. डावीकडे पडली असेल तर स्टँड खाली दबलेला असतो. तेव्हा उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही हे सांभाळावे. शक्य असेल तर गाडी गिअरमध्ये असावी, नाही तर ती उचलताना घरंगळते. तेही जमले नाही तर पुढच्या ब्रेकची लिव्हर रुमालाने आवळून बांधावी. मग गाडीकडे पाठ करायची, उकिडवे बसून ढुंगण सीटच्या कडेला टेकवायचे, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून त्याची खालची मूठ एका हाताने आणि मागचे हँडल किंवा चेसिसचा भक्कम भाग दुसऱ्या हाताने धरायचा, आणि पाठ ताठ ठेवून लहान लहान पावलांनी मागे चालत जायचे. बारीक चणीची माणसेही या रीतीने दोनशे किलोची गाडी उभी करतात. तरी मदतीला कोणी असेल तर हाक मारावी.

आता तपासणी, आणि हिचा क्रम महत्त्वाचा. ओरखडे शेवटी पाहायचे. पेट्रोलचा वास येतो का, इंजिनखाली ऑइलचा थेंब आहे का, हे पहिले. त्यानंतर रेसची मूठ: पडताना हँडलच्या टोकाचे वजन आत दाबले जाऊन मूठ अडकू शकते. ती पिळून सोडली की झटकन मागे आली पाहिजे. येत नसेल तर गाडी सुरूच करू नये. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे वायर किंवा केबल ताणत नाही ना हे पाहावे. पुढचा ब्रेक दाबून कडक लागतो का, मागचा पेडल वाकून कशाला घासत नाही ना, गिअर लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला टेकलेली नाही ना. गिअर खाली पडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नव्या गाड्यांत कधी कधी एवढाच दोष असतो, आणि मालक गिअरबॉक्स गेला म्हणून हवालदिल झालेला असतो.

लिव्हर वाकली असेल पण बोटे पोहोचत असतील, तर ती तशीच वापरत घर गाठावे. रस्त्यावर हाताने सरळ करायला जाऊ नये. या लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमच्या असतात. वाकवताना त्या पुष्कळदा तुटतात, आणि सरळ झालेल्या लिव्हरीत बारीक चीर राहते ती नेमकी जोरात ब्रेक दाबताना दगा देते. शेवटचा गोळा तुटला असेल तर कड कानशीने घासून गुळगुळीत करावी आणि लवकर नवी लिव्हर बसवावी. तो गोळा शोभेचा नाही. तुटलेले टोक पडताना हाताच्या तळव्यात घुसू नये म्हणून तो असतो. मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर असावा असे ठरवून दिले आहे. क्लचची लिव्हर बदलणे घरी जमण्यासारखे काम आहे: केबलचा ॲडजस्टर सैल करायचा, त्यातली खाच लिव्हरच्या खाचेसमोर आणून केबल बाहेर काढायची, बोल्ट उघडायचा, नव्या लिव्हरच्या भोकात थोडे ग्रीस लावून उलट्या क्रमाने बसवायचे. ब्रेकच्या लिव्हरपाशी ब्रेकलाइटचा बारीक स्विच असतो, तो जपायचा. दूरच्या प्रवासाला जाणारे लोक लिव्हरचा क्लॅम्प इतपतच आवळतात की हात लावून फिरणार नाही, पण धक्का बसला की फिरेल. लिव्हर मग वळते, तुटत नाही. हा उपाय फुकट आहे.

गिअर लिव्हर पोलादाची असल्याने सरळ करता येते, पण गाडीवर लावलेली असताना पाइप घालून कधीच नाही. सगळा जोर आतल्या शाफ्टवर जातो. मार्करने तिची जागा आखून ती काढावी, वाइसमध्ये धरून सरळ करावी आणि त्याच खुणेवर परत बसवावी. आरसा सैल झाला असेल तर घट्ट करताना लक्षात ठेवावे की काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात.

हँडल तिरके वाटणे हा एक वेगळाच प्रकार, आणि यात माणसे नाहक पैसे घालवतात. गाडी सरळ चालते पण हँडल थोडे डावीकडे वळल्यासारखे दिसते. ‘शॉकअप वाकला, दोन्ही बदलावे लागतील’ असे कोणी सांगते. साध्या पडण्यात शॉकअप सहसा वाकत नाही. ते ज्या आडव्या कंसात, म्हणजे ‘टी’मध्ये, धरलेले असतात तिथे किंचित फिरतात. एक्सल, मडगार्ड आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करून, हँडल सरळ धरून, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-सहा वेळा खाली-वर केला आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने बोल्ट पुन्हा आवळले की बहुधा काम होते. हे जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, पण असे करता येते हे मालकाला ठाऊक असावे. हँडलचा पाइपच वाकला असेल तर मात्र तो बदलावा. वाकवून सरळ केलेल्या पाइपवर जीव टांगू नये. इंजिनच्या कव्हरला चीर जाऊन ऑइल येत असेल तर गाडी ढकलत किंवा टेम्पोने न्यावी, कारण ते ऑइल मागच्या टायरवर जाते. सुईएवढ्या भोकातून पाझरत असेल आणि गाव दूर असेल, तर जागा पेट्रोलने स्वच्छ पुसून एम-सील लावणे आणि ते पूर्ण घट्ट होऊ देणे हा वेळ निभावण्यापुरता उपाय आहे.

उरले ओरखडे. रंगावर नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरात आहे आणि रबिंग कंपाऊंडने जातो. अडकत असेल तर पॉलिशने जाणार नाही. मॅट रंगाला पॉलिश लावूच नये, तेवढाच भाग चकाकू लागतो आणि ओरखड्यापेक्षा ठळक दिसतो. टाकीवरचा पोचा डोळ्यांना खुपतो, पण रंग तडकलेला नसेल आणि गळत नसेल तर त्याने गाडीचे काही बिघडत नाही. उलट ज्याकडे कोणी बघत नाही तो लेग गार्डचा ओरखडा लवकर बुजवावा, कारण तिथे पोलाद उघडे पडते आणि पावसाळ्यात, विशेषतः समुद्राकाठी, गंज धरायला वेळ लागत नाही. पॉलिश पेपर, प्रायमर आणि काळा स्प्रे, अर्ध्या तासाचे काम.

विम्याचा विचार इथेच येतो. नव्या गाडीला ‘सगळे कव्हर आहे’ म्हणून छोट्या पडण्यासाठीही दावा करण्याचा मोह होतो. पण वर्ष दाव्याशिवाय गेले तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत सलग पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती शून्यावर येते. शिवाय साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो, आणि पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीचे तुटते ते बहुतेक प्लॅस्टिकच. एक लिव्हर, एक इंडिकेटर आणि आरसा यांचा खर्च आधी मांडून पाहावा. दोन-तीन हजारांच्या आत असेल तर खिशातून भरणे बहुधा स्वस्त पडते. टाकी, हेडलाइट आणि कव्हर एकदम गेले असतील तर दावा करावा. मग उचलण्याआधीच, रहदारीचा धोका नसेल तर, पडलेल्या गाडीचे फोटो काढावेत आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नये.

पहिल्या सर्व्हिसला गाडी नेताना बहुतेक मालक हे पडणे लपवतात. वॉरंटी जाईल अशी भीती असते, किंवा नुसतीच लाज. पडण्यामुळे मोडलेला भाग वॉरंटीत येत नाही हे खरे, पण एरवीच्या दोषांचा त्या पडण्याशी संबंध नसेल तर त्यांची वॉरंटी त्यामुळे संपत नाही. आणि मेकॅनिकला गाडी कोणत्या बाजूला पडली हे माहीत असले, तर तो त्या बाजूचा फूटरेस्टचा ब्रॅकेट, हँडलच्या टीचे बोल्ट, क्लचच्या केबलची ढील आणि ब्रेकच्या नळीचे वळण मुद्दाम हात लावून पाहतो. म्हणून जॉब कार्डवर ‘गाडी डावीकडे पडली होती, थांबलेली असताना’ एवढी ओळ स्वतःहून लिहायला सांगावी, आणि सर्व्हिस झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी तिथल्याच आवारात एक सावकाश आठ काढून पाहावा.